छातीवरचं फूल आणि कपाळावरचं कुंकू



डिसेंबर लागला की आपल्या खानदेशात कपाशीची वेचणी चाललेली असते, बाजार भरिताच्या वांग्यांनी भरलेला असतो आणि शाळेतून येणाऱ्या मुलांच्या खिशावर एक छोटं कागदी निशाण टाचलेलं दिसतं. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे त्याचे तीन रंग. लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. ७ डिसेंबर म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिन. जळगावला काय, धुळ्याला काय, कलेक्टर कचेरीत ध्वजदिन निधीच्या संकलनाचा कार्यक्रम होतो. आपण डब्यात दहा-वीस रुपये टाकतो, निशाण लावतो. संध्याकाळी कपडे बदलताना ते कुठेतरी गळून पडतं आणि वर्षभर आपल्याला त्याची आठवण राहत नाही.

मागच्या वर्षी आमच्या गटात या निशाणावरून बोलणं निघालं. एक जण म्हणाली, "प्रत्येकानं लावलंच पाहिजे. सीमेवर जीव देणाऱ्यासाठी एक टाचणी टोचून घ्यायला काय जातं?" साक्रीकडच्या एक आजी होत्या. त्यांचा भाऊ फौजेत होता. त्या म्हणाल्या, "याद पोटमा शे, ती छातीवर कशाले लावानी?" तिसरी बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "माझ्या मावसबहिणीचा नवरा फौजेत असताना गेला. त्या दिवशी गावभर तिरंगे होते, घोषणा होत्या. आणि आत घरात बाया तिच्या बांगड्या फोडत होत्या."

त्यानंतर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

या तीन बायकांची तीन मतं घरी गेल्यावरही आमच्या डोक्यातून जाईनात. मग आम्ही शोधायला लागलो की युद्धात गेलेल्या माणसाची आठवण अंगावर घालण्याची ही रीत आली कुठून, तिच्यावरून कुठे कुठे वाद झाले, आणि त्या वादांत बायका कुठे होत्या. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात एका फुलापासून करू. आपल्याकडे दिवाळीत अनारसे थापतो, तेव्हा खसखस लागते. ती खसखस अफूच्या बोंडातली. याच अफूच्या कुळातलं एक रानफूल युरोपात शेताच्या बांधावर उगवतं. पातळ पाकळ्यांचं, लालभडक. त्यातून अफू निघत नाही. जमीन उकरली गेली की त्याचं जुनं पडलेलं बी उगवून येतं. पहिल्या महायुद्धात बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सची जमीन तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी उलथीपालथी झाली आणि जिथे माणसं पुरली होती तिथेच ही लाल फुलं फुटली. जॉन मॅक्रे नावाच्या कॅनडाच्या लष्करी डॉक्टरनं १९१५ साली आपल्या कवितेत या फुलांचा उल्लेख केला आणि ती कविता इंग्रजी जगात घरोघर पोचली.

पण कवितेतलं फूल लोकांच्या कोटावर आणलं ते दोन बायकांनी. मोइना मायकल ही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली शिक्षिका. १९१८ च्या नोव्हेंबरात, युद्ध संपायला दोन-तीन दिवस राहिले असताना, तिनं दुकानातून कापडी लाल फुलं आणली, एक स्वतः लावलं आणि बाकीची भोवतालच्या लोकांना दिली. दुसरी फ्रान्सची ॲना गेराँ. युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या भागातल्या विधवा आणि मुलांना हाताला काम मिळावं, म्हणून त्यांच्याकडून कापडाची फुलं करून घ्यायची आणि विकायची, ही कल्पना तिची. १९२१ मध्ये तिनं ही कल्पना ब्रिटनच्या माजी सैनिकांच्या संघटनेपुढे, ब्रिटिश लीजनपुढे मांडली. त्यांनी ९० लाख फुलं मागवली आणि ११ नोव्हेंबर १९२१ च्या पहिल्या पॉपी डेला एक लाख सहा हजार पौंड जमले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना फुलं बनवण्याचं काम देणारा कारखाना निघाला.

म्हणजे फूल सुरू झालं तेव्हा त्याच्या दोन बाजू होत्या. गेलेल्याची आठवण ही एक, आणि मागे राहिलेल्याची भाकरी ही दुसरी. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे बरेचसे वाद यातली दुसरी बाजू विसरल्यामुळे झालेले आहेत.

पहिला वाद ब्रिटनमध्येच उठला आणि तोही बायकांनी उठवला. तिथे कोऑपरेटिव्ह विमेन्स गिल्ड नावाची कष्टकरी घरांतल्या बायकांची मोठी संघटना होती. सहकारी दुकानांच्या चळवळीतून उभी राहिलेली. तिच्यात युद्धात नवरे, मुलगे, भाऊ गमावलेल्या कितीतरी जणी होत्या. त्यांचं म्हणणं होतं की दर नोव्हेंबरात लाल फुलं लावून बँडच्या तालावर संचलन होतं, पण पुन्हा असं युद्ध होणार नाही हे कुणी बोलत नाही. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, १९३३ मध्ये, या बायकांनी पांढरी फुलं काढली. लाल फुलाचा अपमान आम्हाला करायचा नाही, गेलेल्या सगळ्यांचीच आठवण करायची आहे आणि पुढचं युद्ध नको आहे, असं त्यांचं म्हणणं. तरी पांढरं फूल लावलं म्हणून काही जणींच्या नोकऱ्या गेल्या. जिनं स्वतःचा मुलगा गमावला तिला, "तू मेलेल्यांचा मान राखत नाहीस," असं ऐकून घ्यावं लागलं. पुढे १९८६ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनीही पांढऱ्या फुलाबद्दलची आपली नापसंती बोलून दाखवली. आजही तिथे दोन्ही फुलं मिळतात. काही जण दोन्ही लावतात, काही जण एकही लावत नाहीत.

लाल फुलाच्या मधल्या काळ्या बुंदीवर पूर्वी "हेग फंड" अशी अक्षरं असत. डग्लस हेग हे ब्रिटिश फौजेचे सरसेनापती. त्यांच्याच हुकमावरून झालेल्या लढायांत लाखो पोरं गेली, मग त्यांचंच नाव छातीवर का मिरवायचं, असं विचारणारे लोक होते. १९९४ मध्ये ती अक्षरं गेली. एवढीशी बुंदी, पण तिच्यावर कुणाचं नाव लिहायचं हाही वादाचा विषय होतो.

आता आपल्याकडे येऊ. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसं ब्रिटिशांसाठी परदेशी गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. मराठा पलटणींची पोरं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढली. कूतच्या वेढ्यात उपाशी राहिली आणि १९१६ च्या एप्रिलात तिथली फौज शरण गेल्यावर तुर्कांच्या कैदेत गेली. महाराष्ट्रातल्या काही गावांत अजूनही भिंतीत बसवलेली एक दगडी पाटी दिसते. या गावातून इतके जण महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर असतं. आकडा असतो, नावं बहुधा नसतात. ज्या आईचा मुलगा त्या आकड्यात होता, तिनं त्या पाटीकडे बघून काय करायचं? तिला अक्षरं वाचता येत होती की नाही, हाही प्रश्नच आहे.

त्या काळी आपल्याकडे ११ नोव्हेंबरला हीच लाल फुलं विकली जात. साहेबाच्या बंगल्यावर, छावणीत, सरकारी कचेरीत. पण ज्या लढाईत आपला नवरा कुणाच्या राज्यासाठी मेला हेच नीट ठाऊक नाही, तिचं फूल कोण प्रेमानं लावणार?

शेजारच्या श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, लोकांनी हा प्रश्न उघड विचारला. पॉपीचे बहुतेक पैसे ब्रिटनला जातात आणि इथल्या माजी सैनिकाच्या हाती काही लागत नाही, ही त्यांची तक्रार. १९३१ मध्ये एलियन परेरा यांनी त्याच ११ नोव्हेंबरला सुरिया नावाच्या झाडाची पिवळी फुलं विकायला सुरुवात केली. हे झाड आपल्या भेंडीच्या कुळातलं. १९३३ मध्ये तरुण मंडळींनी ही चळवळ हाती घेतली. डोरीन यंग ही इंग्लंडहून आलेली शिक्षिका तिच्यात पुढे होती. स्वतः इंग्रज असूनही तिनं इंग्रजांच्या फुलाविरुद्ध लिहिलं. रस्त्यात एका बाजूला लाल फुलाची टोपली, दुसऱ्या बाजूला पिवळ्या फुलाची. १९३४ मध्ये तिथे हिवतापाची मोठी साथ आली, तेव्हा हीच पिवळ्या फुलांची मंडळी औषधं घेऊन खेड्यांत गेली. फूल कुणाचं खरं, याचं उत्तर त्यांनी असं दिलं, असं आम्हाला वाटतं.

आपल्या खानदेशातला गुंता तर त्याहून अवघड होता. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबरचे लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. शिरीषकुमारच्या हातात तिरंगा होता. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळ्याच्या जिल्ह्यातच होतं. ज्या सरकारच्या गोळीनं ही पोरं गेली, त्याच सरकारच्या फौजेत त्याच वेळी आपल्या महाराष्ट्रातली पोरं दूरदेशी लढत आणि मरत होती. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानचे सुमारे ८७ हजार सैनिक गेले. नंदुरबारच्या आईचं दुःख आणि फौजेतल्या पोराच्या आईचं दुःख आपण कसं तोलायचं? एकीच्या मुलासाठी चौकात स्मारक झालं. दुसरीला पुष्कळदा पेन्शनचं पुस्तक मिळालं आणि वर, "तो इंग्रजांसाठी मेला," हे ऐकून घ्यावं लागलं.

स्वातंत्र्य मिळाल्यावर म्हणूनच पॉपी मागे पडली. २८ ऑगस्ट १९४९ ला संरक्षणमंत्र्यांच्या समितीनं दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळायचं ठरवलं. लहान निशाणं वाटायची, त्याबदल्यात लोकांनी निधी द्यायचा आणि तो शहीद सैनिकांच्या कुटुंबांसाठी, जायबंदी झालेल्यांसाठी आणि माजी सैनिकांसाठी वापरायचा. १९९३ मध्ये असे वेगवेगळे निधी एकत्र करून आजचा ध्वजदिन निधी झाला. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालयामार्फत हे काम चालतं.

या निशाणाचा एक गुण आम्हाला फार आवडतो. त्याला धर्म नाही, जात नाही. फौजेत सगळ्या धर्मांची माणसं मरतात. फुलाचा, कुंकवाचा, दिव्याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा असतो, पण हे तीन रंग कुणाच्याही आईला परके वाटत नाहीत. तरी तक्रारी याच्याबद्दलही आहेतच. कचेऱ्यांना निधीचं उद्दिष्ट ठरवून दिलेलं असतं, मग लावणाऱ्याला वाटतं की आपण वर्गणी भरली, आठवण काही केली नाही. शाळेत निशाणं वाटली जातात, पण त्यांचा अर्थ पोरांना कुणी समजावून सांगत नाही. काही जण विचारतात की पैसे नेमके कुठे जातात. असं विचारणं म्हणजे देशद्रोह नव्हे. उलट १९२१ मध्ये विधवांच्या हाताला काम मिळावं म्हणून ज्यांनी हे सुरू केलं, त्यांना हा प्रश्न सगळ्यांत जास्त आवडला असता.

अलीकडे आणखी एक सूचना आली आहे. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या सैनिकी अभ्यास संस्थेनं भारताचं स्मृतिफूल म्हणून झेंडू सुचवला. तिकडे ब्रिटनमध्येही, पहिलं महायुद्ध संपल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, हिंदुस्थानी सैनिकांच्या आठवणीसाठी खादीची पॉपी निघाली. खादी ज्या राज्याविरुद्ध उभी राहिली, त्याच राज्यासाठी लढलेल्यांचं फूल खादीचं. कुणाला हे सुंदर वाटलं, कुणाला विचित्र. झेंडूचं म्हणाल तर तो आपल्या दारचा आहे. दसऱ्याच्या तोरणात तोच आणि तिरडीवरच्या हारातही तोच. आमच्यातल्या काहींना म्हणून तो योग्य वाटतो. काही म्हणतात, दसऱ्याच्या फुलाला हे ओझं नको.

मैत्रिणींनो, आतापर्यंत ज्या खुणा सांगितल्या त्या गेल्या शंभर वर्षांतल्या. पण आपल्या मातीत याहून जुन्या खुणा आहेत. गावाच्या वेशीपाशी, जुन्या देवळाच्या आवारात शेंदूर फासलेला एखादा दगड असतो. त्याच्यावर खाली लढाई कोरलेली, मध्ये अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यांत वर तो महादेवाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. हा वीरगळ. लढून मेलेल्याची आठवण चंद्र-सूर्य असेपर्यंत राहील, असा त्याचा अर्थ. त्याच्याच शेजारी कधी कधी दुसरा दगड असतो. त्याच्यावर कोपरात वाकवून वर केलेला एक हात, आणि हातात भरलेला चुडा. ही सतीशिळा. नवऱ्याबरोबर जळलेल्या बाईची. तिचा चुडा फुटला नाही, म्हणून तो दगडावर आला. नवऱ्यामागे जी जगली, जिनं लेकरं वाढवली, शेत राखलं, कर्ज फेडलं, तिचा दगड आम्हाला कुठेच दिसला नाही. तिचा चुडा फुटला. तिची खूण म्हणजे मोकळं कपाळ आणि रिकामे हात.

आता आमच्यातल्या त्या तिसऱ्या मैत्रिणीचं बोलणं आठवा. छातीवर फूल किंवा निशाण लावणारा ते मनानं लावतो, नको वाटलं तर काढतो. विधवेच्या अंगावरून मात्र खुणा काढून घेतल्या जातात आणि तिचं ते ओकं अंग हीच नवऱ्याची आठवण ठरते. तिला कुणी विचारत नाही. बहिणाबाई चौधरी आपल्या जळगावजवळच्या आसोद्याच्या. तिशीच्या आतबाहेर त्यांना वैधव्य आलं आणि त्या दुःखावर त्यांनी जे रचलं ते आपण शाळेपासून ऐकत आलो. आपण त्या कवितांनी रडतो आणि शेजारच्या घरात तेच होताना गप्प उभे राहतो.

असं गप्प न राहणारेही याच महाराष्ट्रात होते. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच नाही म्हटलं. त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी, ४ मे २०२२ ला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवऱ्याच्या मरणानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. १७ मे ला राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असं सांगितलं. आपापल्या गावात असा ठराव झाला आहे का, हे तुम्ही ग्रामपंचायतीत जाऊन विचारू शकता. झाला नसेल तर पुढच्या ग्रामसभेत मांडू शकता.

सैनिकाच्या पत्नीच्या वाट्याला तर याहून वेगळ्या अटी आल्या. शौर्यपदकाबरोबर दरमहा भत्ता मिळतो. नवरा गेल्यावर तो पत्नीला मिळे, पण तिनं पुन्हा लग्न केलं तर बंद होई. त्याला एक अपवाद होता. दिराशी लग्न केलं तर भत्ता चालू राही. पदक नवऱ्याच्या शौर्याचं, पण बाईनं घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असाच त्याचा अर्थ. ही दिराची अट २०१७ च्या नोव्हेंबरात निघाली. आता वीरपत्नीनं कुणाशीही लग्न केलं तरी भत्ता तिचाच.

आणि पदक अंगावर घालायचं कुणी? ज्यानं मिळवलं तो डाव्या छातीवर लावतो. तो नसेल तर त्याच्या घरच्यांनी उजव्या बाजूला लावायचं, अशी सैनिकी रीत आहे, आणि शहिदांना मानवंदना देण्याच्या कार्यक्रमांना घरच्यांनी अशी पदकं लावून यावं, हे आता आपल्या सैन्यानंही मान्य केलं आहे. आम्हाला ही गोष्ट फार मोठी वाटते. पांढऱ्या कपाळानं मागच्या रांगेत बसणारी बाई आणि उजव्या छातीवर पदक लावून पुढे उभी राहणारी बाई, या दोघी एकाच माणसाची आठवण अंगावर वागवतात. एकीला गावानं खूण दिली, दुसरीनं हक्कानं घेतली.

महाराष्ट्रात एक पूर्ण रेजिमेंट आपल्या पूर्वजांची आठवण टोपीवर घालत होती, हेही सांगायला हवं. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगाव भीमाचा स्तंभ होता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूनं पडलेल्यांची ४९ नावं त्या स्तंभावर आहेत आणि त्यांतली २२ महार सैनिकांची. एका बाजूनं पाहिलं तर तो पेशव्यांविरुद्ध इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाचा खांब. पण ज्यांना गावात सावलीलाही जागा नव्हती, त्यांच्यासाठी दगडावर कोरलेलं ते आपल्या माणसाचं नाव होतं. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले ते त्यासाठी. पुढे बिल्ला बदलला, पण स्तंभापुढे दरवर्षी उभं राहणारी माणसं बदलली नाहीत. एकाच खुणेकडे दोन घरांतली माणसं दोन नजरांनी पाहतात, आणि एकाला दुसऱ्याची नजर पुसून टाकता येत नाही.

आता अगदी अलीकडची गोष्ट. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जणांना अतिरेक्यांनी मारलं. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते. पुष्कळ बायकांच्या डोळ्यांदेखत त्यांचे नवरे गेले. ७ मे ला भारतानं केलेल्या कारवाईला ऑपरेशन सिंदूर हे नाव दिलं गेलं. त्या नावानं अनेकींचा ऊर भरून आला. त्यांना वाटलं, आपलं दुःख देशानं आपलं मानलं. काही जणींनी विचारलं की बाईची ओळख अजून तिच्या सिंदुरावरूनच ठरवायची का. आमच्या गटातही दोन्ही मतं होती आणि आहेत. पण एका प्रश्नावर आमचं एकमत झालं. देशानं ज्या कुंकवाला एवढा मान दिला, ते कुंकू त्या बाईला उद्या स्वतःच्या कपाळावर लावावंसं वाटलं, तर तिच्या घरातलं, गल्लीतलं कुणी तिला अडवणार नाही ना?

एवढं सगळं शोधून आम्ही कुठे पोचलो, ते सांगतो. लाल फूल की पांढरं, पॉपी की झेंडू, निशाण लावायचं की पोटात ठेवायचं, याचा निकाल आम्ही लावणार नाही. साक्रीच्या आजींनी निशाण लावलं नाही म्हणून त्यांच्या भावाची आठवण कमी होत नाही. जिनं लावलं तिचंही प्रेम दिखाऊ नाही. खूण ज्याची त्यानं ठरवावी. पण खूण कुणावर लादायची नाही आणि कुणाची हिसकावायचीही नाही, एवढं तरी आपण सगळ्या मिळून धरू शकतो.

म्हणून यंदा ७ डिसेंबरला चार गोष्टी करू या. निधी द्या आणि पावती मागा. घरातल्या मुलाला निशाणाच्या तीन रंगांचा अर्थ सांगा. तुमच्या गावात, गल्लीत सैनिकाची आई किंवा पत्नी असेल तर तिच्याकडे जा. भाषण करायला जाऊ नका, चहा प्यायला जा. तिला त्याच्याबद्दल बोलावंसं वाटलं तर ऐका, नाही वाटलं तर शेतीभातीचं, लेकराबाळांचं बोला.

चौथी गोष्ट थोडी पुढची. ध्वजदिनानंतर पाच-सहा आठवड्यांनी संक्रांत येते. आपल्या घरी हळदी-कुंकू असतं. वाण द्यायला आपण कुणाकुणाला बोलवतो आणि कुणाचं घर टाळून पुढे जातो, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. ७ डिसेंबरला जिच्या नवऱ्यासाठी आपण निशाण लावलं, तिला १४ जानेवारीला वगळू नका. बोलवा, आणि हळद-कुंकवाची तबकं पुढे करा. तिनं कुंकू लावून घेतलं तर आनंदानं लावा. तिला नको असेल, तिच्या धर्मात नसेल, तिचं मनच नसेल, तर आग्रह करू नका. तिळगूळ हातावर ठेवा आणि शेजारी बसवून घ्या. लावायचं की नाही हे तिनं ठरवायचं. तबक पुढे करायचं की नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

आमच्या त्या मैत्रिणीनं तिच्या मावसबहिणीला यंदा संक्रांतीला आपल्याकडे बोलावलं आहे. ती येते म्हणाली आहे. आम्ही सगळ्या जाणार आहोत.